आभार आणि पूर्णविराम

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळात माझ्याकडे दरवर्षी आभारप्रदर्शन असतं. म्हणजे तुम्ही चपला शोधत असता आणि मी मांडववाल्यांची, विजेवाल्यांची नावं वाचत असतो. यंदा पहिल्यांदाच आधी बोलायला मिळालं, तर विषयही आभारांचाच घेतो. मी भाषेचा पंडित नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलेला माणूस. इथे इंदूरच्या कचेरीत दिवसभर हिंदीत पत्रं लिहितो, शेवटी ‘धन्यवाद’ आणि पुढे उभा दंड. घरी मराठी. या दोन्हींच्या मध्ये माझा एकदा घोटाळा झाला, तो सांगतो.

तीन वर्षांपूर्वी वडिलांचं ऑपरेशन झालं. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, अकरा रात्री दवाखान्याच्या बाकावर झोपला. वडील घरी आले त्या संध्याकाळी मी त्याला मोबाइलवर लिहिलं, “आपण केलेल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.” शेवटी ठसठशीत पूर्णविराम. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, दोन शब्दांचं. “पोच मिळाली.” त्यानंतर दादा आमच्याकडे यायचा थांबला.

मला काही कळेना. शेवटी बायकोनं माझा मेसेज वाचला आणि म्हणाली, “हे काय, ठेकेदाराला लिहिलंय का?” ज्याला जन्मभर ‘अरे दादा’ म्हटलं त्याला ‘आपण’, आणि वर टिंब. हिशोब मिटला, फाइल बंद.

आता बिचाऱ्या टिंबाचा काय दोष? कागदावरच्या पत्रात ते कोणाला दिसतही नाही. पण फोनवर ओळ संपली की मजकूर आपोआप संपतो. तिथे टिंब दिलं की ते मुद्दाम दिल्यासारखं दिसतं.

आपल्या होळकरांच्या काळातली मोडी पत्रं पाहा. आधी आडवी रेघ ओढलेली, खाली शब्द एकमेकांना चिकटलेले, विरामचिन्ह औषधालाही नाही. राग-लोभ कळायचा तो मायन्यावरून आणि शेवटच्या ‘लोभ असावा’वरून. पोथ्यांत दंड होते, पण स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी इंग्रजीच्या वळणानं एकोणिसाव्या शतकात आली. मराठीत ती रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. हिंदीनं दंड राखला, आपण टिंब घेतलं.

माझी आजी कोणाला ‘धन्यवाद’ म्हणाल्याचं मला आठवत नाही. शेजारून वाटी आली की म्हणायची, “अगं, कशाला एवढं?” आणि ती वाटी रिकामी परत जायची नाही, निदान चमचाभर साखर घालून जायची. आजोबांच्या अंतर्देशीय पत्रांत असायचं, ‘तुमचे उपकार कसे फेडू?’ दोन्हीकडे प्रश्नचिन्ह बघा, आणि उत्तर कोणालाच नको असतं. देणं शिल्लक राहतं, म्हणून येणं-जाणं चालू राहतं. मी दादाला एका ओळीत सगळं देणं चुकतं करून टाकलं होतं.

उद्गारचिन्हाबद्दल विचाराल तर एक मला चालतं. ‘धन्यवाद काकू!’ म्हटलं की काकू समोर उभ्या आहेत असं वाटतं. चार ओळीनं दिली की वर्गणी मागायला आल्यासारखं होतं. आणि ‘धन्यवाद...’ अशी तीन टिंबं मात्र कृपा करून टाळा. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांना ती सवयच आहे. त्यांच्या सुनेला कितीतरी दिवस वाटत होतं, बाबा पुढचं काहीतरी गिळताहेत.

दादाला मी दुसरा मेसेज लिहायला बसलो. चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला. ‘माफ कर’ लिहावं तर तेही कचेरीतल्या खुलाशासारखं वाटायला लागलं. मग फोन ठेवला. बायकोनं चकल्यांचा डबा भरून दिला, तो घेऊन संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. दार वहिनींनी उघडलं. आतून दादाचा आवाज आला, “हे कशाला आणलंस?”

मी चपला काढल्या आणि आत गेलो.