लेकराचा खेळ आणि आईबापाची घाई

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही मोठा वक्ता नाही. खामगावकडे जिनिंग मिलमध्ये काम करणारा माणूस आहे. शाळा नववीत सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि चळवळीत. समितीने सांगितले, "पालकांना दोन शब्द सांगा." मी ठरवले, उपदेश करायचा नाही; आपली स्वतःची चूक सांगायची.

आमच्या आईबापांनी आम्हाला खेळू दिले नाही. त्यांना मी दोष देत नाही. बाबासाहेबांनी शिक्षणाची वाट दाखवली. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटी आली नव्हती, त्या घरातला पोरगा पुस्तक टाकून चेंडूमागे धावताना दिसला की बापाचा जीव खालीवर होणारच. "खेळून का पोट भरते?" हे वाक्य मी माझ्या बापाकडून ऐकले आणि माझ्या पोराला तसेच ऐकवले.

2017 साली आपल्या देशात सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. त्याआधी 15 सप्टेंबरला महाराष्ट्रभर शाळाशाळांतून मुलांना फुटबॉल खेळवला गेला, शाळांना चेंडू मिळाले. माझा मुलगा तेव्हा सातवीत होता. त्याचा डावा पाय असा चालायचा, की सर म्हणाले, "याला खेळू द्या." मी हसण्यावारी नेले.

पुढे एका पाहुण्याने सांगितले, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. गोष्ट खरी आहे; ते आरक्षण 2005 पासूनचे आहे. झाले! कालपर्यंत चेंडू पाहून डोळे वटारणारा मी, पहाटे पाचला पोराला उठवू लागलो. मिलमधून उचल घेतली, बूट आणले. घरात एकच अंडे असले तर ते त्याला. धाकटी पोरगी बघत राहायची.

2019 मध्ये जिल्ह्याचे सामने बुलढाण्याला होते. मी पाळी बुडवून गेलो. मैदानाच्या कडेला उभा राहून सारखा ओरडत होतो, "इकडे मार, तिकडे पळ!" सरांनी त्याला थोडा वेळ बाहेर बसवले तर सरांशी भांडलो. शेवटी बरोबरी झाली आणि पेनल्टीवर गेले. माझ्या पोराचा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. संघ हरला.

परतताना बुलढाण्याहून चिखलीमार्गे अमडापूरपर्यंत एसटीत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. घरी आल्यावर त्याने बूट खुंटीला अडकवले आणि एवढेच म्हणाला, "बाबा, मले नाई खेळाचं आता." ते बूट आता त्याला होत नाहीत. मंडळी, त्याला मी मारले नाही, शिवी दिली नाही. गप्प राहिलो, पण ते मारापेक्षा जास्त लागले.

आमच्या मिलमध्ये कापूस हातात घेऊन धाग्याची लांबी पाहणारा माणूस असतो. तो भाव ठरवतो, मग गाडी खाली होते. मी पोराचे तसेच केले. त्याच्यातला गुण पाहिला आणि लगेच भाव लावला.

आता थोडा हिशेब पाहू. 2017 च्या त्या स्पर्धेत भारताच्या संघात मुले होती एकवीस. त्यात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याचे वडील रिक्षा चालवणारे. अभिमानाची गोष्ट आहे. पण सव्वाशे कोटींच्या वर लोकांच्या देशातून एकवीस! बाकीच्या लाखो मुलांचा खेळ वाया गेला म्हणायचे का? नागपूरला विजय बारसे सरांनी 2001 पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला. 'झुंड' सिनेमा आपण पाहिला आहे. त्यातली सगळी पोरे काही देशासाठी खेळली नाहीत. पण चेंडूच्या नादाने कित्येकांचे पाय वाईट वाटेवरून मागे फिरले. हे कमी आहे काय?

दुसरी गोष्ट वयाची. फुटबॉलमध्ये वयोगट बहुतेक ठिकाणी 1 जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारीचे लेकरू आणि डिसेंबरचे लेकरू एकाच गटात. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक अंगापिंडात चांगलाच दिसतो. अनेक देशांत अभ्यास झाला, तेव्हा निवडलेल्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले जास्त आढळली. ती जास्त हुशार नसतात, थोडी मोठी असतात एवढेच. म्हणून बाराव्या वर्षी निवड झाली नाही म्हणजे पोरगे कच्चे, असे समजू नका. आणि वय कमी लिहून पोराला खालच्या गटात घुसवू नका. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय तपासतात. खोटे बाप बोलतो, बाद लेकरू होते.

नॉर्वे नावाचा छोटा देश आहे. तिथे नियमच आहे, की अगदी लहान मुलांच्या सामन्यांचे गुणतक्ते लावायचे नाहीत आणि तेरा वर्षांआधी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा नाहीत. आधी लेकरांना खेळाची गोडी लागू द्यायची. त्याच देशाने 2018 आणि 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वांत जास्त पदके नेली. घाई न करता त्यांचे काही बिघडले नाही.

मग आपण काय करावे? अभ्यास सोडू नका, हे मी ठासून सांगतो. पण संध्याकाळचा दीड तास लेकराचा असू द्या. सामन्याला गेलात तर टाळ्या वाजवा, शिकवायचे काम सरांना करू द्या. हरून आले तर आधी पोटभर जेवू घाला. पोराला देता तेवढेच अंडे पोरीलाही द्या.

कारण आता माझी धाकटी आठवीत आहे आणि तिला फुटबॉल खेळायचा आहे. गेल्या महिन्यात तिने मला नाही विचारले, भावाला विचारले, "बाबा एसटीत बोलतील ना?" मी दाराआड उभा होतो. आज विहारात सर्वांसमोर तिला शब्द देतो : बेटा, जिंकलीस तरी बोलीन, हरलीस तरी बोलीन.

तिचा भाऊ आता रविवारी विहारामागच्या मोकळ्या जागेत लहान पोरांना चेंडू शिकवतो. मागे खिडकीची काच फुटली तेव्हा समितीने खेळ बंद केला. माझी नम्र विनंती आहे, की खेळ बंद न करता खिडकीला जाळी बसवावी. जाळीचा खर्च मी देतो.