पहिलं घर: हप्त्याच्या आधीचा हिशेब
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील मनोगत)



सोसायटीला 25 वर्षं झाली. मी पडलो माजी खजिनदार, तेव्हा तोंडातून आकडेच येणार. सांभाळून घ्या.

2013 साली लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि मुंबईचे पाहुणे म्हणू लागले, "तुमच्याकडे घरं स्वस्त!" मुंबईच्या पगारात स्वस्तच की. माझा पुतण्या तलासरीला नोकरी करतो, हातात 28 हजार येतात. दिवाळीत आम्ही दोघं वही घेऊन बसलो. समजा फ्लॅट 25 लाखांचा. बँक जास्तीत जास्त 90 टक्के देणार, म्हणजे साडेबावीस लाख. साडेआठ टक्के व्याजानं 20 वर्षांचा हप्ता सुमारे साडेएकोणीस हजार. उरले साडेआठ, त्यात घर चालवायचं आणि मेंटेनन्सही भरायचा. (तो वेळेवर भरा, ही जाता जाता विनंती.) मुळात एवढ्या पगारावर बँक इतकं कर्ज सहसा देतच नाही.

आणि हप्त्याच्या आधीच पदरचे अडीच लाख हवेत. शिवाय नोंदणी फीचे 25 हजार, वर मुद्रांक शुल्क. हा खर्च गृहकर्जात धरत नाहीत. मी हा फ्लॅट घेतला तेव्हा सौ.च्या पाटल्या मोडल्या होत्या. पुतण्याकडे मोडायला काही नाही.

आपल्या इमारतीत काही फ्लॅट वर्षभर बंद असतात. विकायचा किंवा भाड्यानं द्यायचा झाला, तर एजंटला फोन करण्याआधी जिन्याखालच्या फळ्यावर लिहा. पुतण्या येता-जाता तो फळा वाचतो.