ट्रॅक्टरची किंमत कापसात मोजा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या टायरवरचा १८ चा ५ झाला, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवरचा २८ चा १८ झाला. लगेच तालुक्याच्या चौकाचौकात फलक लागले, शेतकऱ्याला सरकारची भेट! ही भेट आली कोणाच्या खिशातून? २००४ च्या अंदाजपत्रकाने ट्रॅक्टरवरचे केंद्राचे अबकारी शुल्क काढून टाकले होते. राज्याचा विक्रीकर तेवढा राहिला. २०१७ साली जीएसटी आला आणि ट्रॅक्टरवर १२ टक्के बसले. आठ वर्षे बारा घेतले आणि आता त्यातले सात सोडले. याला भेट म्हणायचे असेल तर म्हणा बापडे.

आणखी एक बारकावा आहे. व्यापारी मालवाहू ट्रक घेतो तेव्हा त्यावर भरलेला जीएसटी तो आपल्या धंद्याच्या करातून वळता करून घेतो. आपल्याला ती सोय नाही. आपण भरलेला कर आपल्याच अंगावर राहतो, मग तो पाच असो की बारा.

आता हिशेब करू. कराशिवाय सहा लाखांचा ट्रॅक्टर धरा. पूर्वी तो ६ लाख ७२ हजारांना पडला असता, आता ६ लाख ३० हजारांना. बेचाळीस हजार वाचले हे खरे, नाकारण्याचे कारण नाही. पण ६ लाख ३० हजार म्हणजे कापूस किती? २०२५-२६ च्या हंगामाचा मध्यम धाग्याचा हमीभाव ७७१० रुपये. त्या भावाने ८२ क्विंटल. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल आला तर सोळा-सतरा एकरांचा सगळा कापूस. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचणी यांचा एक पैसाही वजा केलेला नाही.

हे झाले रोख घेणाऱ्याचे. रोख कोण घेतो? एक लाख तीस हजार पदरचे भरले, पाच लाख कर्ज काढले, व्याज १४ टक्के, पाच वर्षांत दहा सहामाही हप्ते, असे समजा. एक हप्ता सुमारे ७१ हजार २०० रुपयांचा पडतो. दहा हप्त्यांचे ७ लाख १२ हजार होतात. म्हणजे ६ लाख ३० हजारांचा ट्रॅक्टर घरात येईपर्यंत ८ लाख ४२ हजारांचा झाला. सरकारने सोडलेले बेचाळीस हजार व्याजात कुठे गेले ते शोधूनही सापडणार नाहीत. फलकावर किंमत मोठ्या अक्षरात असते, व्याजाचा दर मात्र कागदावर सही करताना कळतो. तो आधी विचारा, लेखी घ्या.

वर्षाचे दोन हप्ते मिळून १ लाख ४२ हजार. दहा एकरांचा कास्तकार नांगरट, रोटाव्हेटर आणि पेरणी भाड्याने करून घेतो. एकरी पाच हजार धरले तरी पन्नास हजारांत, डिझेल-ड्रायव्हरसकट, मोकळा होतो. स्वतःचा ट्रॅक्टर असला तर हप्त्याच्या वर डिझेल वेगळे. हिशेब मांडणारे म्हणतात, वर्षाला हजार तास काम मिळाले तर ट्रॅक्टर परवडतो. दहा एकरांत एकरी पाच तास धरले तर पन्नास तास होतात. उरलेले साडेनऊशे तास दुसऱ्यांच्या शेतात चालवायचा, आणि गावात आधीच पंधरा ट्रॅक्टर उभे असतील तर भाडे पडणार. शिवाय पऱ्हाटी वाढली की डवरणीला ट्रॅक्टर आत जात नाही आणि कापूस हातानेच वेचावा लागतो. ट्रॅक्टर आला म्हणून मजुरी सुटत नाही.

मग बैलच बरे असे कोणी म्हणेल. तेही सोपे राहिलेले नाही. ज्वारीला भाव नाही म्हणून ज्वारी गेली, ज्वारी गेली म्हणून कडबा गेला, कडबा गेला म्हणून बैल पोसणे महाग झाले. ट्रॅक्टर हौसेने आलेला नाही, ज्वारीच्या भावाने त्याला दारात आणून उभा केला आहे.

मोटारसायकलची गोष्ट थोडी वेगळी. शंभर सीसीच्या साध्या गाडीची शोरूम किंमत २०१९ साली पन्नास हजारांच्या पुढेमागे होती, २०२५ च्या मध्यात ऐंशी हजारांच्या. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा एकदम काढावा लागतो, एप्रिल २०१९ पासून सुधारलेले ब्रेक आले, एप्रिल २०२० पासून कमी धुराचे इंजिन. ब्रेकचे पैसे वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. आपली पोरे रात्री-बेरात्री याच गाड्यांवर फिरतात. आणि गंमत अशी की २०१९ च्या ५२५५ या हमीभावाने ती गाडी दहा क्विंटलांच्या आत-बाहेर पडत होती, २०२५ च्या हमीभावानेही जवळपास तेवढ्यालाच. हमीभावाने विकला तर! १९ ऑगस्ट २०२५ ला सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले, आणि ३१ डिसेंबरपर्यंत परदेशचा कापूस बिनशुल्क येऊ दिला. त्याच साली बाहेरून येणाऱ्या तयार मोटारींवर सर्वसाधारणपणे ७० टक्के आणि त्याहून जास्त शुल्क होते. मोटारीच्या कारखानदाराला कुंपण आणि कापूसवाल्याचे शेत मोकळे. मग गाडी महाग झाली की आपला कापूस स्वस्त झाला, हे ज्याने त्याने ठरवावे.

ज्यांना घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून कमी धुराच्या इंजिनाचा नियम लागू आहे. त्यामुळे ते महागले आणि गावच्या मिस्त्रीच्या हातात बसत नाहीत. विक्रेता मोठा ट्रॅक्टर गळ्यात मारू लागला तर आपल्या शेताकडे बघा. जुना घेत असाल तर इंजिन ऐकण्याआधी कागद वाचा. आर.सी.वर फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि कंपनीचे ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पैसे मोजू नका. नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी सही करून घ्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने लिहून आणावे. गावात ट्रॅक्टर किती, त्यातले हप्ते थकलेले किती, गेल्या वर्षी प्रत्येकाला किती तास काम मिळाले आणि नांगरटीचे एकरी भाडे काय पडले. पाच-सहा जणांत एक ट्रॅक्टर घेऊन चालवणारे कोणी असतील तर त्यांनी आपली वही घेऊन यावे.