थोडे गुण आणि परिचर्येचे शिक्षण



बारावीचा निकाल लागला म्हणजे ब्रह्मपुरीसारख्या गावी निवृत्त शिक्षकाच्या ओसरीवरही दोन प्रकारची माणसे येतात. काही पेढे घेऊन येतात. काही गुणपत्रकाची घडी मुठीत धरून मुकाट्याने बसतात. पहिल्यांस सल्ल्याची गरज नसते. आजचे भाषण दुसऱ्यांविषयी आहे, आणि त्यांतही अशा मुलींविषयी की, ज्यांस परिचारिका व्हावयाचे आहे, पण गुण पडले आहेत शेकडा ४२ किंवा ४३.

नागपूर-पुण्याच्या श्रोत्यांस वाटेल, इतके थोडे गुण म्हणजे बुद्धीच थोडी. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा हा मुलूख धानाचा आहे. पाऊस लागला की रोवणी सुरू होते, आणि शाळा भरून महिना लोटतो न लोटतो तोच वर्गातील निम्मे बाक रिकामे दिसतात. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता आहेच. चिखलात उभी राहून रोपे लावणारी मुलगी त्या आठवड्यांत रसायनशास्त्र शिकत नाही, हे उघड आहे. ही सबब म्हणून सांगत नाही. गुणपत्रकात काय लिहिलेले नसते, तेवढेच सांगतो.

आता व्यवहाराकडे वळू. नर्सिंग म्हटले की लोकांस एकच दरवाजा दिसतो, आणि तो विज्ञान शाखेचा. बी. एस्सी. नर्सिंग या चार वर्षांच्या पदवीपुरते ते खरेही आहे. तेथे भौतिक, रसायन व जीव ही शास्त्रे लागतात, त्यांत मिळून सर्वसाधारण वर्गास शेकडा ४५ गुण लागतात, आणि वर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. परंतु जी. एन. एम. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम निराळा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे तेथे विज्ञानास पसंती असली, तरी कोणत्याही शाखेची बारावी चालते. एकंदरीत ४० टक्के गुण हवेत आणि इंग्रजी विषय स्वतंत्रपणे सुटलेला हवा. अनुसूचित जाती-जमातींस ५ टक्क्यांची सवलत आहे. याखेरीज ए. एन. एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो पुरा करून नोंदणी झालेल्या मुलीस पुढे जी. एन. एम.ला बसता येते, आणि जी. एन. एम. झालेलीस दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी. एस्सी. करता येते. दोन, तीन आणि दोन मिळून सात वर्षे झाली. सरळ पदवीस चार लागतात. वाट लांबची आहे यात संशय नाही. परंतु मधल्या प्रत्येक टप्प्यावर हाताला काम मिळू शकते, आणि गरिबाच्या घरी ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र पात्रता आणि प्रवेश या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ४० टक्क्यांस अर्ज करता येतो. जागा मिळेलच असे नाही. सरकारी विद्यालयांत जागा मोजक्या आणि निवड गुणानुक्रमे, त्यामुळे यादी पुष्कळ वरच बंद होते. नेमक्या याच ठिकाणी दलाल गाठतो. ‘गुण कमी आहेत ना? काळजी नको, जागा ठेवली आहे,’ असे म्हणून तो रक्कम सांगतो, आणि बाप दोन एकर धानाची बांधी गहाण टाकण्यास निघतो. अशा गृहस्थास मी एकच विचारतो. त्या संस्थेस महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय, आणि असल्यास ती कोणत्या अभ्यासक्रमास व किती जागांस आहे, हे स्वतः पाहिले काय? परिषदेत नाव नोंदले गेल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. मान्यता नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत शोभेल, रुग्णालयात उपयोगी पडणार नाही. त्यापेक्षा एक वर्ष घरी बसून मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेखाली पुन्हा परीक्षेस बसावे. लोक काय म्हणतील, ही भीती मला गहाणखताच्या भीतीपुढे अगदीच क्षुल्लक वाटते.

गुण किती कमी, याहून कशात कमी, हा प्रश्न मी महत्त्वाचा मानतो. इतिहासात ३५ पडले असतील तर रोग्याचे काही बिघडत नाही. अंकगणित कच्चे असेल तर बिघडते. डॉक्टरांनी लिहिले, २५० मिलिग्रॅम द्या. बाटलीवर छापलेले असते, ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. तर किती द्यावयाचे? हे आपले जुने त्रैराशिक; उत्तर १० मिलिलिटर. दुसरे उदाहरण घ्या. ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यावयाचे आहे, आणि त्या नळीतून २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. एकंदर थेंब १०,०००, मिनिटे २४०, म्हणजे मिनिटास सुमारे ४२ थेंब. यात बीजगणित नाही, भूमिती नाही. पाढे आणि भागाकार आहेत. पण दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दसपट होते, आणि तान्ह्या मुलाच्या बाबतीत दसपट म्हणजे काय, हे आयांना सांगावयास नको. म्हणून गुणपत्रक पाहण्याआधी मी पाटी पुढे करतो. जिला ही गणिते आठ दिवसांत साधली, तिच्या ४२ टक्क्यांची मला चिंता वाटत नाही. जिला ती साधत नाहीत, तिला मी ७० टक्के असले तरी थांबवीन. इंग्रजीचेही तेच आहे. शेक्सपियर नको, परंतु औषधाच्या बाटलीवरचा मजकूर नीट वाचता यावा.

अल्पशिक्षित हात काय करू शकतात, याचा दाखला नदीपलीकडेच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यांतील स्त्रियांस नवजात बालकांची घरीच काळजी घेण्यास शिकविले. या आरोग्यदूतांचे शिक्षण पाचवी ते दहावी एवढेच होते. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, आणि सर्व वहीत लिहून ठेवणे, हे त्यांचे काम. ३९ गावांतील या प्रयोगाचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला; तुलनेच्या गावांपेक्षा तेथील नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटले होते. आणि ज्या सुइणींस अंकही येत नव्हते, त्यांच्यासाठी बंग दांपत्याने मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन तयार केले होते. आरोग्यदूत म्हणजे परिचारिका नव्हे, हे मी जाणतो. पण तीच कामे शिक्षण थोडे असूनही नेमकेपणाने झाली, एवढे तर सिद्ध झाले.

पुण्यातही पूर्वी हेच घडले. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली तेथे सेवासदन सुरू झाले, आणि पुढे तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. भल्या घरच्या बाईने परक्याची शुश्रूषा करावी काय, हा तेव्हाचा वाद होता. त्या वादात गुणपत्रकास स्थानच नव्हते. आज वाद मिटला आणि टक्के आले!

आमच्या भागातील मुलीपाशी आणखी एक गुण असतो, त्याचे टक्के कोणी मांडीत नाही. वॉर्डात आलेली माडिया किंवा गोंड बाई तिच्या बोलीत काय दुखते ते सांगते, आणि ही मुलगी ते समजते. सिकलसेल आणि हिवताप जेथे घरोघरी ठाऊक आहेत, तेथे समजणारी परिचारिका नसली की अर्धे निदान दाराशीच अडते.

शेवटी कागदांविषयी थोडे. माझ्या पाहण्यात गुणांअभावी जितक्या जागा गेल्या, तितक्याच जातवैधता प्रमाणपत्राअभावी गेल्या असतील. या प्रमाणपत्रास महिने लागतात, कारण आजोबा-पणजोबांच्या दाखल्यांपर्यंत जावे लागते, आणि जुन्या शाळेच्या दप्तरात आडनाव एका परीने तर सातबाऱ्यावर दुसऱ्या परीने लिहिलेले असते. तेव्हा मुलगी अकरावीत असतानाच अर्ज द्यावा. अधिवासाचा व उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रकाच्या प्रती एका पिशवीत घालून ती पिशवी घरात कौल गळत नाही अशा जागी टांगून ठेवावी. आणि तहसील कचेरीची खेप रोवणी लागण्यापूर्वीच उरकून घ्यावी, कारण त्यानंतर बापाला वेळ नसतो आणि नदीला पूर असतो.