फुटकी बादली आणि बारसे सर

आम्ही अहेरीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. मागच्या वेळी तेंदूपत्त्याच्या हिशेबावर बोललो, तर बऱ्याच जणींचा निरोप आला, की नेहमी पैशाचंच काय सांगता, एखाद्या माणसाची गोष्ट सांगा. म्हणून आज एका माणसाची गोष्ट. पण तीही फिरून पैशाशीच येते, त्याला आमचा इलाज नाही.

माणूस आपल्या नागपूरचा. नाव विजय बारसे. हिस्लॉप कॉलेजात ते खेळाचे शिक्षक होते. तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी ‘झुंड’ सिनेमा पाहिला असेल. नागराज मंजुळेंचा, २०२२ च्या मार्चमध्ये आलेला. त्यात अमिताभ बच्चन ज्या मास्तरांचं काम करतो, ते मास्तर यांच्यावरूनच घेतले आहेत. आम्ही तो सिनेमा आमच्या एका मैत्रिणीच्या पडवीत, डब्याला मोबाईल टेकवून, अकरा जणींनी मिळून पाहिला. संपल्यावर जे भांडण झालं, त्यातून हे भाषण निघालं. भांडण कशावरून, ते पुढे सांगतो.

सिनेमात नाचगाणं असतं, मारामारी असते. खरी गोष्ट साधी आहे. साल २००१. पावसाचे दिवस. बारसे सर वाटेनं जात असताना पाऊस आला आणि ते आडोशाला थांबले. समोर झोपडपट्टीतले पोट्टे चिखलात खेळत होते. त्यांच्याजवळ बॉल नव्हता. एक फुटकी बादली होती, तिलाच लाथा मारत होते. बादली गडगडत जायची, पोट्टे ओरडत मागं धावायचे. सरांनी त्यांना बॉल आणून दिला.

एवढंच केलं असतं तर आज आम्ही हे नाव घेतलं नसतं. बॉल देणारे, वही देणारे, चादर देणारे आपल्याकडेही येतात. फोटो काढतात, चहा पितात, गाडीत बसून जातात. पुढच्या वर्षी दुसऱ्याच गावाला जातात. सर मात्र परत परत गेले. आणि बघत राहिले. त्यांच्या ध्यानात आलं, की जे पोट्टे एरवी नशापाणी करत, चोऱ्या करत, शिव्या देत फिरतात, ते जेवढा वेळ खेळतात तेवढा वेळ यातलं काहीच करत नाहीत. दोन तास खेळले तर दोन तास सुटले. यात काही मोठं तत्त्वज्ञान नाही. ज्या आईच्या घरात दारू पिणारं माणूस आहे, तिला विचारा दोन तासांची किंमत.

मग त्यांनी नागपुरात फक्त झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉलचे सामने ठेवले. नावच दिलं झोपडपट्टी फुटबॉल. शंभरावर संघ खेळायला आले. विचार करा, एका शहरात शंभरावर संघ होतील एवढे पोट्टे खेळायला बसलेलेच होते, फक्त कुणी बोलावलं नव्हतं. सरांच्या ओळखीतल्या पुष्कळांना हे नाव रुचलं नाही. झोपडपट्टी कशाला म्हणता, लाज वाटते, असं त्यांचं म्हणणं. सरांनी नाव बदललं नाही. आम्हाला हे आवडलं. आपल्याकडेही लोक गावाचं नाव सांगताना आधी जिल्ह्याचं सांगतात, मग तालुक्याचं, आणि जंगलातल्या टोल्याचं नाव शेवटी, तेही हळू आवाजात.

आता पैशाची गोष्ट. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांना साधारण १८ लाख रुपये मिळाले. आयुष्यभराच्या नोकरीची पुंजी. ते पैसे त्यांनी नागपूरजवळ जमीन घेण्यात घातले, पोरांना खेळायला. स्वतःच्या घराला मजला चढवला नाही, की बँकेत ठेवून व्याज खाल्लं नाही. पत्नी रंजनाताई या कामात पहिल्यापासून सोबत. दोघांनी मिळून क्रीडा विकास संस्था काढली. पुढे तीच ‘स्लम सॉकर’ या नावानं जगभर ओळखली जाऊ लागली.

आमचं भांडण लागलं ते इथंच. आमच्यातली एक म्हणाली, हे बरोबर नाही. म्हातारपणाचा पैसा म्हणजे घरातल्या बाईचाही पैसा. उद्या आजारपण आलं तर कोण बघणार? गावात अशी माणसं आपण पाहिली आहेत, जी चार लोकांत दानशूर आणि घरात कोठी रिकामी. दुसरी म्हणाली, आपण मरताना जमीन पोरांच्या नावावर करतो, त्यांनीही पोरांच्याच नावावर केली, फक्त पोरं जास्त आहेत. त्यावर सगळ्या हसल्या, पण पहिलीचं म्हणणं आम्ही अजून सोडलेलं नाही. रंजनाताई बरोबरीनं नसत्या, तर आम्ही या गोष्टीचं एवढं कौतुक केलं नसतं. बातम्यांत सरांचं नाव मोठ्या अक्षरात येतं, ताईंचं एका ओळीत. इथं रेडिओवर तरी आम्ही दोन्ही नावं सारख्याच आवाजात घेतो.

त्यांचा मुलगा अभिजीत तेव्हा अमेरिकेत होता. बापाच्या कामाची बातमी त्यानं तिकडे वाचली आणि तो परत आला. आज संस्थेचं काम तो बघतो. बाहेर गेलेला मुलगा परत येतो, हे आपल्याकडे ऐकायला कमीच मिळतं, म्हणून सांगितलं.

आता जरा नागपूरच्या बाहेर जाऊ. ज्या साली बारसे सरांनी बादली पाहिली, त्याच २००१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन शहरात दोन माणसं बोलत बसली होती. एक स्कॉटलंडचा, मेल यंग. दुसरा ऑस्ट्रियाचा, हॅरल्ड श्मिट. दोघेही बेघर लोकांकडून रस्त्यावर विकली जाणारी वर्तमानपत्रं चालवायचे. त्यांच्या मनात आलं, की ज्यांना घर नाही अशांचा जागतिक फुटबॉल सामना का ठेवू नये? २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी पहिला बेघरांचा विश्वचषक झाला. याला मोठं मैदान लागत नाही. एका बाजूला चार जण, त्यातला एक गोलवर. सात मिनिटं एक डाव, सात मिनिटं दुसरा. आणि एक नियम असा, की एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. पुढच्या वर्षी तुझी जागा दुसऱ्याला. बचत गटात कर्जाची पाळी असते ना, तशीच ही पाळी.

बारसे सर २००६ साली केपटाउनला या सामन्यांना गेले आणि नेल्सन मंडेलांना भेटले. मग भारताचे संघ जाऊ लागले, पुढे मुलींचेही. २०१० साली ब्राझीलच्या रिओ शहरात भारताच्या संघाचा कप्तान होता नागपूरच्या वस्तीतला अखिलेश पॉल. तो आधी वाईट मार्गाला लागलेला होता, पोलिसांपासून लपत फिरायचा. हे आम्ही पाठीमागून बोलत नाही, त्यानं स्वतःच २०१४ साली आमिर खानच्या ‘सत्यमेव जयते’त सगळ्या देशासमोर सांगितलं. खेळ लागला, मग तो कोर्टात हजर झाला, सुधारला, आणि पुढे दुसऱ्या पोरांचा प्रशिक्षक झाला. २०१६ साली फुटबॉलच्या जगातली सगळ्यात मोठी संस्था फिफा, तिनं आपला विविधतेचा पुरस्कार स्लम सॉकरला दिला. पुरस्काराची गोष्ट एवढी पुरे.

आम्हाला सिनेमातली वेगळीच गोष्ट चटका लावून गेली. त्यात मोनिका नावाची आदिवासी पोरगी आहे, रिंकू राजगुरूनं काम केलंय. पोरगी खेळायला हुशार. परदेशी जायचं तर पासपोर्ट पाहिजे, आणि तू कोण, हे सांगणारा कागदच तिच्याकडे नाही. बाप तिला घेऊन या दारातून त्या दारात फिरतो. पडवीत तेव्हा कुणी बोललं नाही. आमच्या अकरा जणींपैकी सात जणींच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे. जणू सगळ्या आया एकाच रात्री बाळंत झाल्या. हसायची गोष्ट आहे, पण जातीच्या दाखल्यासाठी पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा शोधत फिरलेल्या बाईला हसू येत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, पोरगी खेळो न खेळो, तिचा जन्मदाखला नीट नावानिशी काढून ठेवा. शाळेतलं नाव, आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव एक अक्षरानंही वेगळं नको.

आता अहेरीकडे येतो. आपल्याकडे खेळ नाही असं नाही. धान कापून झालं की बांधीत पोट्टे कबड्डी खेळतात, थंडीत गावोगावी सामने होतात, मंडप पडतो, भोंगा वाजतो, रात्रभर गर्दी असते. पण तिथं आपल्या पोरी काय करतात? बघतात. नाहीतर चहा देतात. सातवीपर्यंत पोरगी पोरांच्या बरोबरीनं धावते. मग एक दिवस घरात कुणीतरी म्हणतं, आता पुरे, मोठी झालीस. आमच्यातल्या एका मैत्रिणीच्या पोरीचं असंच झालं. शाळेच्या संघात होती, तालुक्याला खेळून आली. चुलत्यानं अर्ध्या चड्डीवरून बोल लावले आणि खेळ बंद. आम्ही सगळ्या त्या घरी ये-जा करणाऱ्या, पण एकीनंही तेव्हा तोंड उघडलं नाही. आम्हीही त्यात आलो.

सिनेमा पाहिल्यावर ती पोरगी आईला एवढंच म्हणाली, मोनिकाच्या बापानं तिला नेलं. आईला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी ती गटाच्या बैठकीत बोलली आणि मग आम्ही कामाला लागलो.

आमच्याजवळ १८ लाख नाहीत. असते तरी पहिलीनं ते मैदानात घालू दिले नसते. आम्ही गटाच्या दंडाच्या पैशातून, म्हणजे उशिरा येणाऱ्या बायांकडून गोळा झालेल्या पैशातून, एक फुटबॉल आणि एक हवा भरायचा पंप घेतला. चपला बाजूला काढून पोरी खेळतात. आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर, आणि आमच्यातल्या दोघी जणी पाळीपाळीनं तिथं बसतात. बसणं हेच आमचं काम. कुणी काही बोललं तर त्याला उत्तर द्यायला बाई हजर पाहिजे. चड्डीचा वाद आम्ही घातलाच नाही, पोरी सध्या सलवारवर खेळतात. पुढचं त्याच ठरवतील. चुलता अजून बोलत नाही आमच्याशी.

अडचण जागेची आहे. शाळेचं पटांगण पोट्ट्यांनी धरलेलं असतं. गावाशेजारी मोकळी जागा आहे, पण तिच्या कागदावर झुडपी जंगल लागलेलं आहे, तिथं आपल्या मनानं काही करता येत नाही. कुणाच्या बांधीत खेळायचं तर रोवणा सुरू झाला की खेळ बंद. म्हणून आम्ही ग्रामसभेपुढे अर्ज ठेवतोय: शाळेचं पटांगण आठवड्यातून दोन दिवस मुलींसाठी राखून ठेवावं, आणि मोकळ्या जागेसाठी रीतसर काय करावं लागतं ते ग्रामसभेनं लेखी विचारावं. अर्जावर आतापर्यंत चौतीस बायांनी सह्या-अंगठे केले आहेत. पुरुषांच्याही पाच सह्या आहेत, त्यातली एक सासऱ्याची, ज्यांच्याकडून आम्हाला मुळीच आशा नव्हती.

तुमच्या गावात मुलींना खेळायला जागा कशी मिळवली, कुणी अडवलं, कुणी साथ दिली, ते आम्हाला कळवा. चिठ्ठी पाठवा, नाहीतर बाजाराच्या दिवशी भेटा. ज्यांना अर्जाची नक्कल पाहिजे त्यांना देऊ. आणि कुणाकडे जुना फुटबॉल पडला असेल तर तोही चालेल, आमच्या बॉलला मागच्याच आठवड्यात काटा लागला.