रेशनकार्ड घराचं, ईमेल ज्याचा त्याचा



भांडुपमध्ये मी मुलामुलींना आणि त्यांच्या आयांना ऑनलाइन अर्ज भरायला मदत करते. ईमेलचा रकाना आला की हमखास उत्तर येतं, "भाईजानचा टाका ना." एकाच पत्त्यावर अम्मीची योजना, बहिणीची स्कॉलरशिप, भावाची नोकरी आणि अब्बांची बँक. घरातल्या एकाला मोबाईलमधलं कळतं, म्हणून सगळ्यांचं सगळं त्याच्याकडे. आज याच सवयीबद्दल बोलायचं आहे.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. मतदारयाद्या तयार होताना, विशेषतः उत्तरेकडे, लाखो बायांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको', एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. कठोर वाटतं, पण त्यामागचं तत्त्व सरळ होतं. रेशनकार्ड घराचं असतं, मत ज्याचं त्याचं. ईमेलही मतासारखाच ज्याचा त्याचा.

का? कुठल्याही खात्याचा पासवर्ड विसरला की नवा करायची लिंक बहुतेक वेळा ईमेलवर येते. म्हणजे ईमेल नुसती टपालपेटी नाही, तो किल्ल्यांचा जुडगा आहे. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती बाकीची खाती. भाऊ चांगलाच असेल. पण तो कामासाठी कतारला गेला, त्याचा फोन हरवला, किंवा घराच्या वाटणीवरून बोलणं बंद झालं, तर? अकरावीच्या प्रवेशाचा निरोप त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहील आणि मुदत तुमची जाईल.

मोबाईल नंबरचंही तेच. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना २०२४ साली सुरू झाली. महिन्याचे १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. तो नंबर दिराचा असेल, किंवा कधीच बंद पडला असेल, तर पैसे तिचे, पण किल्ली दुसऱ्याकडे. आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते.

कोणी म्हणेल, "आमच्या घरात लपवाछपवी नाही." नसेलच. पण मेहरची रक्कम बायकोची असते, नवऱ्याची नाही. त्यामुळे संसारातला विश्वास कमी झाला, असं कोणी म्हणतं का? स्वतःचं असणं म्हणजे लपवणं नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. माझ्या मते तो घराच्या उंबऱ्यावर संपत नाही. काय शोधलं, काय पाहिलं, हे सामायिक खात्यात सगळ्यांना दिसू शकतं. मग मुलगी पाळीच्या त्रासाबद्दल शोधतच नाही. मुलगा मन उदास का आहे, ते विचारत नाही. आपली बहीण कायद्याने तिला काय मिळतं, ते वाचत नाही.

फोन घरात एकच असेल, तरी खाती वेगळी करता येतात. काम झालं की खात्यातून बाहेर पडायचं. खातं परत मिळवण्यासाठी नंबर स्वतःचाच द्या. दुहेरी पडताळणी सुरू करा. मिळणारे बॅकअप कोड वहीत लिहून जपून ठेवा. नंबर बदलणार असाल, तर जुना बंद पडायच्या आधी बँकेत, आधारमध्ये आणि ईमेलमध्ये नवा द्या. तेरा वर्षांखालच्या भावंडांचं खातं मात्र आईवडिलांच्या देखरेखीखालीच असू द्या.

एक विनंती घरातल्या 'कळणाऱ्या'ला. अम्मीचं खातं तुम्ही उघडून देऊ नका, तिला उघडायला शिकवा. पासवर्ड तिनेच ठरवावा, तिनेच टाकावा, आणि ती टाकत असताना तुम्ही दुसरीकडे बघा. तिला वेळ लागेल. अक्षर सापडणार नाही, दोनदा चुकेल. फोन तिच्या हातातून घेऊ नका.