टाक्यांशिवाय जखम कशी जुळते?

बचत गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले की आमच्या गप्पा दुखण्याखुपण्यावर येतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत विळा लागल्याची गोष्ट तर हमखास निघते. "टाके नकोत गं बाई," म्हणत दवाखाना टाळणाऱ्या आपल्यात कमी नाहीत. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत जखम जुळवणाऱ्या औषधी गोंदाबद्दल.

हा गोंद सायनोअ‍ॅक्रिलेट नावाच्या रसायनाचा असतो. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा ते हाती आलं. सगळ्याला चिकटतं म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं! पुढे व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांचं रक्त थांबवायला तेच फवारलं गेलं. त्वचेसाठी सुधारलेल्या गोंदाला अमेरिकेत १९९८ मध्ये मंजुरी मिळाली.

डॉक्टर जखम धुतात, कडा जुळवतात आणि वरून गोंदाचा पातळ थर देतात. टाके काढायला पुन्हा खेप नाही. ५ ते १० दिवसांत पापुद्रा आपोआप निघतो. तोवर तो खरवडायचा नाही, त्यावर मलमही लावायचं नाही.

पण हा गोंद कातडीच्या वरवरच चालतो. पोटात, काळजात सगळं ओलं. तिथे काय चिकटणार? याचं उत्तर शास्त्रज्ञांना गोगलगायीत सापडलं. बिनशंखाची एक गोगलगाय घाबरली की घट्ट चिकट स्राव सोडते. तो पाहून हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ओल्या, रक्ताळलेल्या भागालाही धरून ठेवणारा, ताणला तरी न तुटणारा गोंद तयार केला. डुकराच्या हृदयावर त्याची चाचणी झाली. आपल्या पिकाचा फडशा पाडणाऱ्या जिवाच्या कुळातून असा उपयोग निघावा, हे नवलच!

आता महत्त्वाचं. दुकानातला झटपट चिकटणारा गोंद जखमेवर कधीही लावू नका. तो औषधी नाही, निर्जंतुक नाही. कातडी पोळते आणि आत घाण कोंडून जखम चिघळते. खोल जखम, सांध्यावरची जखम, कुत्र्याचा चावा, मातीने भरलेली जखम यांना तर औषधी गोंदही सहसा चालत नाही.

विळा लागला तर जखम स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. टाके की गोंद, हे डॉक्टरांना ठरवू द्या. विचारायला मात्र लाजू नका.